एबेनेझरच्या व्यासपीठावर कोण उभे राहते?

मार्टिन ल्यूथर किंग ज्युनियर हे नाव मराठी वाचकाला नवे नाही; त्याआधी लागणारे 'रेव्हरंड' मात्र आपण बहुधा गाळतो. त्यामुळे एक साधी गोष्ट नजरेआड राहते. किंग पेशाने पाळक होते. १९६० पासून १९६८ साली त्यांचा खून होईपर्यंत ते अटलांटातल्या एबेनेझर बॅप्टिस्ट चर्चचे सह-पाळक होते. मुख्य पाळक त्यांचे वडील, त्यांच्याआधीचे पाळक आईचे वडील, आणि ऑर्गनवर आई. चर्चच्या सेवकवर्गात माणसे कुठून येतात, काय शिकून येतात आणि त्यांना तिथे कोण आणून बसवते, हे समजून घ्यायला एबेनेझरइतके बोलके उदाहरण मिळणे अवघड.

वरून नेमणूक येत नाही

कॅथलिक, मेथडिस्ट किंवा चर्च ऑफ नॉर्थ इंडिया यांची रचना महाराष्ट्रात परिचयाची आहे. तिथे बिशप असतो आणि पाळकसाहेबांची बदली होते. बॅप्टिस्टांमध्ये बिशप नाही. १६०९ मध्ये अॅम्स्टरडॅमला जॉन स्मिथ आणि थॉमस हेल्विस या निर्वासित इंग्रजांच्या गटातून ही परंपरा सुरू झाली. तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा त्यांना मान्य नव्हता. ज्याला कळते त्याने स्वतः विश्वास कबूल करावा आणि मग बाप्तिस्मा घ्यावा, असे त्यांचे म्हणणे. अशा स्वखुशीने आलेल्या माणसांची मंडळी आपला कारभारही स्वतःच पाहते. सभासद कोणाला करायचे, पाळक कोणाला नेमायचे, पगार किती द्यायचा आणि वेळ आली तर निरोप कसा द्यायचा, हे सगळे मंडळीच्या मतावर ठरते.

पाळक होण्याची वाट साधारण अशी असते. देवाने मला या सेवेसाठी पाचारण केले आहे, असे एखादा जण आपल्या मंडळीला सांगतो. मंडळी त्याचे एक परीक्षेचे प्रवचन ऐकते आणि पटले तर त्याला उपदेशाचा परवाना देते. पुढे शिक्षण किंवा उमेदवारी होते. मग आधीपासून दीक्षित असलेले पाळक त्याची तोंडी परीक्षा घेतात आणि डोक्यावर हात ठेवून दीक्षा देतात. पण दीक्षा मिळाली म्हणजे जागा मिळाली असे नाही. जिथे जागा रिकामी असते तिथली समिती उमेदवारांना एकेका रविवारी बोलावते, ऐकते, आणि शेवटी मंडळी मतदान करते. थोडक्यात, पाचारण आल्याचे माणसाने सांगायचे आणि ते खरे की नाही हे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ठरवायचे. पदवी हवीच असा सर्व बॅप्टिस्टांना बांधणारा नियम नाही. त्यामुळेच या व्यासपीठावर पोचलेल्या माणसांच्या पूर्वायुष्यात इतकी विविधता दिसते.

जोडे शिवणारा, मुद्रक आणि मास्तर

या विविधतेशी मराठीचा संबंध फार जुना आहे. बंगालमधल्या श्रीरामपूरला १८०० मध्ये जमलेले तिघे बॅप्टिस्ट कोण होते पाहा. विल्यम कॅरी इंग्लंडमध्ये जोडे शिवत. मोल्टनच्या छोट्या मंडळीने त्यांना पाळक केले तेव्हाही पोटासाठी तेच काम चालू होते. विल्यम वॉर्ड मुद्रक, जोशुआ मार्शमन शाळामास्तर. त्यांच्याकडे बाप्तिस्मा घेतलेला पहिला बंगाली माणूस कृष्ण पाल हा सुतार, आणि पुढे तोही उपदेशक झाला. कॅरी फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवत. वैजनाथ पंडितांच्या मदतीने त्यांनी मराठीचे व्याकरण १८०५ मध्ये आणि कोश १८१० मध्ये काढला. आपल्या भाषेच्या मुद्रित इतिहासातले एक सुरुवातीचे पान स्वतः कॉलेजात कधी न शिकलेल्या या पाळकाने लिहिले, ही गोष्ट आपल्याकडे व्याकरणाच्या तासापलीकडे फारशी सांगितली जात नाही.

गुलामांच्या घरातला पाळक

एबेनेझरची स्थापना १८८६ मध्ये जॉन पार्कर यांनी केली, गुलामगिरी संपून जेमतेम वीस वर्षे झाली होती. १८९४ मध्ये किंग यांच्या आईचे वडील अॅडम डॅनियल विल्यम्स पाळक म्हणून इथे आले तेव्हा मंडळीत १३ सभासद होते. विल्यम्स जॉर्जियातल्या ग्रीन काउंटीत गुलाम आईबापांच्या पोटी जन्मले. वडील गुलामांमध्ये उपदेश करत. लहानपणी शाळा नाहीच म्हणायची. अटलांटात आल्यावर, पाळकी सांभाळून, पुढे मोरहाउस म्हणून नावाजलेल्या कॉलेजातून त्यांनी १८९८ मध्ये धर्मसेवेचे प्रमाणपत्र घेतले.

विल्यम्स यांनी मंडळी वाढवली, ऑबर्न अॅव्हेन्यूवर जागा घेऊन विटांचे चर्च उभारले, आणि तेवढ्यावर थांबले नाहीत. अटलांटात कृष्णवर्णीय मुलांसाठी एकही सरकारी हायस्कूल नव्हते. नगरपालिकेच्या शाळाकर्जासाठी मतदान व्हायचे तेव्हा, आमच्या मुलांना शाळा द्या, नाहीतर मते विसरा, या मागणीमागे उभ्या राहिलेल्या पुढाऱ्यांत ते होते. १९२४ मध्ये बुकर टी. वॉशिंग्टन हायस्कूल उघडले. त्यांचा नातू पुढे याच शाळेत शिकला.

पाचवीच्या वर्गातला जावई

सेवकवर्गातला मला सर्वात भावणारा माणूस नातू नव्हे, जावई आहे. मायकेल किंग हे स्टॉकब्रिज गावच्या बटाईने शेती करणाऱ्या कुटुंबातले. गावच्या चर्चने त्यांना उपदेशाचा परवाना दिला होता, पण लिहिता-वाचता यथातथाच. अटलांटात ट्रक चालवणे, ओझी उचलणे अशी मिळेल ती कामे करत ते विशीत शाळेत गेले, तर परीक्षा घेऊन त्यांना पाचवीत बसवले. ते बसले. विल्यम्स यांची कॉलेजात शिकलेली मुलगी अल्बर्टा हिच्याशी ओळख झाली होती. शिकण्याची जिद्द काही अंशी तिथूनही आली असावी.

पुढे मोरहाउसने प्रवेश नाकारला तेव्हा ते थेट कॉलेजचे अध्यक्ष जॉन होप यांच्या खोलीत शिरले आणि प्रवेश घेऊनच बाहेर पडले. १९२६ मध्ये लग्न, १९३० मध्ये पदवी. १९३१ मध्ये सासरे वारले आणि मंडळीने जावयाला पाळक केले. १९३४ मध्ये जागतिक बॅप्टिस्ट परिषदेसाठी ते बर्लिनला जाऊन आले आणि त्यानंतर स्वतःचे व मुलाचे नाव मार्टिन ल्यूथर असे लावू लागले. १९७५ पर्यंत, म्हणजे चव्वेचाळीस वर्षे, ते एबेनेझरचे पाळक होते.

ऑर्गनच्या बाकावर

चर्चच्या सेवकवर्गात संगीताची जबाबदारी ही दुय्यम नेमणूक समजली जात नाही. कृष्णवर्णीय बॅप्टिस्ट उपासनेत तर प्रवचन कुठे संपते आणि गाणे कुठे सुरू होते हे सांगणे कठीण. अल्बर्टा विल्यम्स किंग यांनी हॅम्प्टन इन्स्टिट्यूटमधून शिक्षिकेचे प्रमाणपत्र घेतले होते. पण विवाहित बाईने शाळेत शिकवायचे नाही, असा अटलांटाच्या शाळाखात्याचा तेव्हा नियम होता. लग्न झाले आणि नोकरी गेली. शाळेने नाकारलेली शिक्षिका चर्चला मिळाली: १९३२ मध्ये त्यांनी एबेनेझरचा गायकवृंद उभारला आणि पुढची चाळीस वर्षे चालवला. मधल्या काळात, मुले लहान असताना, पदवीही घेतली.

३० जून १९७४, रविवार. उपासना चालू असताना त्या ऑर्गन वाजवत होत्या आणि एका तरुणाने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. मंडळीचा एक डीकन, म्हणजे बिनपगारी सेवक, तोही त्यात मारला गेला. मोठ्या मुलाच्या खुनाला तेव्हा सहा वर्षे झाली होती. धाकटा मुलगा ए. डी. किंग, जो भावाच्या मागे एबेनेझरचा सह-पाळक झाला होता, तो १९६९ मध्ये बुडून मरण पावला होता. किंग ज्युनियरवरच्या पुस्तकांच्या मानाने अल्बर्टाबाईंवर फारच थोडे लिहिले गेले आहे.

ज्याला पाळक व्हायचे नव्हते

किंग ज्युनियर पंधराव्या वर्षी मोरहाउसमध्ये दाखल झाले ते डॉक्टर किंवा वकील होण्याच्या विचाराने. घरातला धर्म त्यांना फार भावनेचा आणि कमी विचाराचा वाटे. कॉलेजचे अध्यक्ष बेंजामिन मेज स्वतः पाळक आणि विद्वान होते. पाळकाला डोके वापरता येते हे तिथे दिसले. १९४७ मध्ये एबेनेझरमध्ये परीक्षेचे प्रवचन झाले, २५ फेब्रुवारी १९४८ रोजी दीक्षा. वय एकोणीस. त्यानंतर क्रोझर सेमिनरी आणि बोस्टन विद्यापीठाची डॉक्टरेट. पाचवीत बसलेल्या बापाचा हा मुलगा.

आपले पाचारण कुठल्या चमत्कारातून आले नाही, माणसांची सेवा करण्याची ओढ हळूहळू वाढत गेली, असे ते सांगत. पण दुसरी एक घटनाही त्यांनीच सांगून ठेवली आहे. १९५४ मध्ये मॉन्टगमेरीच्या डेक्स्टर अॅव्हेन्यू चर्चने त्यांना पाळक म्हणून निवडले. बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध कृष्णवर्णीयांचा बसबहिष्कार सुरू झाला, धमक्या येऊ लागल्या. जानेवारी १९५६ च्या एका मध्यरात्री अशाच एका फोननंतर ते स्वयंपाकघरात कॉफी घेऊन बसले, आता हातपाय गळाले असे देवाला सांगितले, आणि उभे राहण्याचे बळ तिथेच मिळाले. थोड्याच दिवसांत त्यांच्या घरावर बाँब पडला. पदव्या आणि दीक्षा आधी, पाचारण नंतर, असा हा उलटा क्रम मला जास्त खरा वाटतो.

१९५९ च्या भारतभेटीत ते मुंबईला मणिभवनात राहिले होते. त्रिवेंद्रमच्या दलित मुलांच्या शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख 'अमेरिकेतले अस्पृश्य' अशी करून दिली, तेव्हा आधी धक्का बसला आणि मग ते पटले, ही आठवण त्यांनी ४ जुलै १९६५ रोजी एबेनेझरच्याच व्यासपीठावरून सांगितली.

कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या लढ्यात पाळकच पुढारी का झाले, याचे एक उत्तर पगारात आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात शिक्षकाची नोकरी सरकारी मंडळाच्या हातात होती. हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे सभासदत्व सोडायला नकार दिला म्हणून सेप्टिमा क्लार्क या शिक्षिकेला १९५६ मध्ये घरी बसवले गेले. एबेनेझरच्या पाळकाचा पगार मात्र मोलकरणी, हमाल आणि मास्तरांच्या वर्गणीतून यायचा. त्याला काढून टाकणे कुठल्याही गोऱ्या मालकाच्या हातात नव्हते.

ही घराणेशाही नव्हे काय?

सासरा, जावई, दोन नातू. आपल्याकडचा वाचक हा प्रश्न विचारणारच, आणि तो रास्त आहे. मतदान होत असले तरी पाळकाच्या मुलाला नाही म्हणायला मंडळीला जड जाते. पण १९७५ मध्ये ही साखळी तुटली. थोरल्या किंग यांच्यानंतर आलेले जोसेफ रॉबर्ट्स किंग घराण्यातले नव्हते, इतकेच काय, तोवर ते प्रेस्बिटेरियन पाळक होते. त्यांनी तीस वर्षे सेवा केली आणि रस्त्यापलीकडचे नवे मोठे उपासनागृह १९९९ मध्ये त्यांच्याच काळात खुले झाले.

२००५ मध्ये आलेले राफाएल वॉर्नॉक पस्तीस वर्षांचे होते. सव्हानातल्या सरकारी वसाहतीत वाढलेले, बारा भावंडांतले अकरावे. वडील आठवडाभर जुन्या गाड्यांचे भंगार गोळा करत आणि रविवारी पेंटेकोस्टल चर्चमध्ये उपदेश करत. आईने तरुणपणी दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचला. मोरहाउस, न्यूयॉर्कची युनियन सेमिनरी, तिथल्या अॅबिसिनियन बॅप्टिस्ट चर्चमध्ये तरुणांसाठीचे पाळक, मग बाल्टिमोरला मुख्य पाळक, आणि त्यानंतर एबेनेझर. जानेवारी २०२१ मध्ये ते जॉर्जियाचे पहिले कृष्णवर्णीय सिनेटर म्हणून निवडून आले आणि पाळकपद त्यांनी सोडले नाही. दोन्ही कामांना एकच माणूस पुरतो का, हा प्रश्न उरतोच. मोठ्या चर्चमध्ये त्याचे व्यवहारी उत्तर म्हणजे इतर सेवक: सहायक पाळक, संगीत, मुले, तरुण, ख्रिस्ती शिक्षण, आजाऱ्यांच्या भेटी अशी कामे वाटलेली असतात, शिवाय बिनपगारी डीकन असतात.

स्त्रिया आणि व्यासपीठ

कोणाला पाचारण येऊ शकते, यावर बॅप्टिस्ट पहिल्यापासून भांडत आले आहेत. १८४५ मध्ये सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन वेगळे झाले ते गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी नेमावे की नाही, या वादावर. आजचा वाद स्त्रियांचा. याच गटातल्या डरहॅमच्या एका चर्चने १९६४ मध्ये अॅडी डेव्हिस यांना दीक्षा दिली, ही त्यांच्यातली पहिली स्त्री. २००० मध्ये कन्व्हेन्शनने पाळकपद पुरुषांपुरतेच असल्याचे आपल्या विश्वासपत्रात लिहिले आणि २०२३ मध्ये स्त्री-पाळक नेमल्याबद्दल कॅलिफोर्नियातल्या सॅडलबॅक या अवाढव्य चर्चला बाहेर काढले. इथे मंडळीच्या स्वातंत्र्याची मर्यादा दिसते: पाळक नेमण्यापासून तिला कोणी अडवू शकत नाही, पण संघटनेत ठेवून घ्यायचे की नाही हे इतर ठरवतात.

एबेनेझर या गटातले नाही. अल्बर्टाबाईंची नात बर्निस किंग यांना १९९० मध्ये एबेनेझरमध्येच दीक्षा मिळाली. त्याच वर्षी त्यांनी कायदा आणि धर्मशास्त्र अशा दोन पदव्या मिळवल्या.

पाहायचे असेल तर

ऑबर्न अॅव्हेन्यूवरचे विटांचे जुने चर्च आता राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा भाग आहे आणि ते १९६० च्या दशकात दिसायचे तसे पुन्हा सजवले आहे. अटलांटाला लेकीसुनांकडे जाणारे मराठी लोक हल्ली पुष्कळ आहेत. ते जुनी इमारत आणि पलीकडची किंग यांची समाधी पाहून परततात. जमले तर रविवारी सकाळी जा आणि समोरच्या नव्या इमारतीत उपासनेला बसा. कुठल्याही धर्माच्या माणसाला तिथे मज्जाव नाही.