रेनकोट घेताना तो उलटा करून पाहा

पावसाळा लागला की माझ्या दवाखान्यात काखेत आणि जांघेत नायटा झालेले रुग्ण वाढतात. त्यांत मोटारसायकलवर फिरणारे विक्रेते असतात, लावणी करणारे शेतकरी असतात. ‘डॉक्टर, मी भिजतच नाही, रेनकोट असतो ना!’ असे ते सांगतात. खरे तर ते आतून भिजलेले असतात.

प्लास्टिकचा कोट पाणी आत येऊ देत नाही, तसा घामही बाहेर जाऊ देत नाही. एसटी स्टँडपर्यंत जायला तो पुरतो. पण चिखलणी करताना किंवा गड चढताना तासाभरात बनियन ओला होतो. आपले जुने इरले या बाबतीत शहाणे होते. कामट्यांचे आणि पानांचे ते आवरण पाठीवर असे, पुढून वारा खेळता राही.

घामाची वाफ सोडणारे कापडही मिळते. अमेरिकेत बॉब गोर यांनी १९६९ मध्ये टेफ्लॉनच्या जातीचे प्लास्टिक ताणून सूक्ष्म छिद्रांचा पापुद्रा बनवला. त्यातून वाफ जाते, थेंब जात नाही. मात्र त्यासाठी बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी हवी. जुलैत आपल्याकडे ती कुठून आणायची? म्हणून मी कापडाच्या नावापेक्षा काखेखालची चेन आणि पाठीवरच्या झडपेखालची जाळी आधी पाहतो.

दुकानात कोट उलटा करा. शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली नसेल तर सुईच्या भोकांतून पाणी येणारच. लेबलावर मिलिमीटरचा आकडा असतो. कापड किती उंचीच्या पाण्याचा दाब सोसते ते त्यावरून कळते. मुसळधार पावसासाठी ५००० च्या खाली जाऊ नये, असे माझे मत आहे. माप थोडे सैल घ्या आणि मोटारसायकलसाठी रंग भडकच घ्या.

घाटमाथ्यावर धोका वेगळा आहे. ओल्या अंगाला वारा लागून शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सिअसखाली गेले तर जिवावर बेतू शकते. हुडहुडी भरून जीभ अडखळू लागली, पाय लटपटू लागले की त्या माणसाला आडोशाला न्या, ओले कपडे काढून कोरडे घाला. शुद्धीत असेल आणि नीट गिळता येत असेल तर गरम गोड चहा द्या. दारू मुळीच नको.

आणि नायट्यावर स्वतःच्या मनाने दुकानातून मलम आणू नका. अशा पुष्कळ मलमांत स्टेरॉईड मिसळलेले असते. खाज थांबते, नायटा मात्र पसरत जातो.