हत्यारांची पेटी

गॅरेज या शब्दाचा इंग्रजी कोशातला अर्थ मोटार ठेवण्याची जागा असा आहे. आमच्या दापोली तालुक्यात तो अर्थ सहसा कोणी घेत नाही. येथे गॅरेज म्हणजे जेथे मोटारसायकली अर्धवट उघडून ठेवलेल्या असतात, जमीन तेलाने काळी झालेली असते आणि "दहा-अकराचा पाना कुठे गेला?" हा प्रश्न दिवसातून वीस वेळा विचारला जातो ती जागा. असे एक गॅरेज आमच्या घराच्या पुढच्या पडवीत आहे. ते माझ्या थोरल्या भावाचे. वडील सुतार आहेत. या दोन धंद्यांच्या मधोमध २०२५ च्या मे महिन्यात एक लाकडी पेटी तयार झाली. चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. ती अशीच का झाली आणि वेगळी का नाही, हे सांगण्याचा या लेखात प्रयत्न करीत आहे. वाङ्मयाच्या विद्यार्थिनीने सुतारकामावर लिहावे हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. पण आमच्या घरात लिहिता येणारी मी पहिलीच, आणि वडिलांना जे येते ते आजवर कोणी लिहून ठेवलेले नाही.

दादाला पत्र्याचे कपाट हवे होते. त्याचे म्हणणे रास्त होते. कपाट दुकानातून दुपारी आणले की संध्याकाळी वापरता येते. बाबांचे म्हणणे एवढेच की पत्र्याला घाम येतो. हे मला आधी गमतीचे वाटले, पण ते अक्षरशः खरे आहे. पावसाळ्यात आमच्याकडची हवा दमट, त्यात समुद्राचा खार. रात्री हवा निवली की पत्रा आणि त्याला टेकलेली हत्यारे चटकन थंड होतात आणि हवेतले पाणी त्यांच्यावर थेंबाथेंबाने जमते. लाकूड हळूहळू थंड होते आणि थोडीफार ओल स्वतःच शोषून घेते. पाने गंजतात ते बहुतेक अशा रात्रींमुळे. दादा तयार झाला, पण त्याच्या मनात दुसरी शंका होती आणि ती त्याने बाबांसमोर बोलून दाखवली नाही. बाबा कित्येक वर्षे बंगल्यांवर प्लायवुड आणि सनमायकाचेच काम करीत आले आहेत. भरीव लाकडाची मोठी वस्तू त्यांच्या हातून पुन्हा होईल का, हा तो प्रश्न.

आमच्या आजोबांकडे पेटी नव्हतीच. बलुत्यातला सुतार शेतकऱ्याच्या दारात जाऊन नांगर दुरुस्त करतो. वाकस, करवत, पटाशी आणि गिरमिट गोणपाटाच्या पिशवीत मावली की झाले. एका जागी बसून काम करणाऱ्यालाच पेटी लागते. युरोपात अशा पेट्यांची परंपरा फार जुनी आहे. स्वीडनच्या गोटलंड बेटावर मेस्टरमीर येथे १९३६ साली शेत नांगरताना ओक लाकडाची एक पेटी वर आली. ती सुमारे हजार वर्षांपूर्वीची, व्हायकिंगांच्या काळातली. आत दोनशेहून अधिक वस्तू होत्या. ती पेटी साधारण ९० सेंटिमीटर लांब, पण रुंदी २६ आणि उंची २४ सेंटिमीटरच. बाबांना हे माप सांगितले तेव्हा ते म्हणाले, "दोन माणसांनी उचलून न्यायची असणार." आमची पेटी हलवायची नव्हती, म्हणून तिला रुंदी देता आली.

लाकूड घरचे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, त्यात मागच्या परड्यातला फणस मुळासकट आडवा झाला. त्याच्या फळ्या पाडून घेतल्या आणि त्या माळ्यावर, प्रत्येक थरामध्ये काड्या घालून, रचून ठेवल्या. काड्या घातल्या नाहीत तर वारा फिरत नाही आणि लाकूड बुरसते. एक इंच जाडीला एक वर्ष सुकवण, असा सुतारांचा ढोबळ हिशेब आहे. आमच्या फळ्या सव्वा इंच जाडीच्या होत्या आणि माळ्यावर त्यांनी चार पावसाळे काढले. कडेचा पांढरा भाग बाबांनी बेदरकारपणे कापून टाकला, कारण भुंगा प्रथम तिथेच लागतो. उरला तो पिवळाधमक गाभा. रंधून तो एक इंचावर आला.

आता मुख्य गोष्ट. लाकूड सुकले म्हणून स्थिर होत नाही. पावसाळ्यात ते ओल घेते आणि फुगते, उन्हाळ्यात ओल सोडते आणि आकसते, आणि हे ते लाकूड शंभर वर्षांचे झाले तरी चालूच राहते. मात्र सगळ्या दिशांनी सारखे नव्हे. खोडातले तंतू उभे असतात. ओल त्यांच्या भिंतींत शिरली की ते जाड होतात, लांब होत नाहीत. म्हणून फळी लांबीत जवळजवळ मुळीच वाढत नाही, रुंदीत वाढते. त्यातही वार्षिक कड्यांच्या दिशेने वाढ कड्यांच्या आडव्या छेदापेक्षा दुपटीच्या आसपास असते. सागवानासारखे गुणी लाकूड ओल्याचे पूर्ण कोरडे होताना कड्यांच्या दिशेने सुमारे सहा टक्के आणि दुसऱ्या दिशेने अडीच टक्के आकसते. बाबा टक्के जाणत नाहीत. ते सुतात बोलतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. "दोन फुटाला पावसाचं दोन सूत धर," असे ते म्हणाले. मी वहीत गणित केले, ते एक टक्का आले.

हे दोन सूत कुठे जाणार, या प्रश्नावर सारी पेटी उभी आहे. समजा पुढच्या फळीचे तंतू आडवे ठेवले आणि बाजूच्या फळीचे उभे. पावसात पुढची भिंत उंचीत दोन सुतांनी वाढेल, बाजूची वाढणार नाही, आणि कोपऱ्यातला सांधा तडकेल. म्हणून चारही भिंतींचे तंतू आडवेच, पेटीभोवती पट्टा गुंडाळावा तसे. मग चारही भिंती मिळून वाढतात, मिळून उतरतात. कोपऱ्याला खिळा नाही, डव्हटेल सांधा आहे, म्हणजे पारव्याच्या उघडलेल्या शेपटीसारखा, टोकाला रुंद आणि बुडाला अरुंद. शेपट्या पुढच्या-मागच्या लांब फळ्यांवर कापल्या, कारण उचलण्याच्या कड्या आखूड बाजूंवर आहेत; कडी ओढली की बाजूची फळी बाहेर येऊ पाहते आणि शेपटीत आणखी घट्ट अडकते. टेबलाचा जुना ड्रॉवर काढून पाहावा, तिथेही हाच न्याय दिसेल. शेपटीची तिरकस रेघ बाबा पत्र्याच्या एका तुकड्यावरून मारतात. तो तुकडा आजोबांचा. मी मोजला, सात इंचाला एक इंच असा उतार निघाला.

पहिला कोपरा कापायला बाबांना पूर्ण दिवस लागला. दादा गिऱ्हाईक सोडून तीनदा येऊन पाहून गेला. संध्याकाळी मोगरीच्या चार ठोक्यांत सांधा बसला आणि त्यात कागदसुद्धा शिरेना, तेव्हा कोणी काही बोलले नाही. दादाने चहा सांगितला. दुसऱ्या कोपऱ्यापासून खाचा खणायला पटाशी माझ्या हातात आली. आमच्या घरात मुलींनी हत्यार धरण्याची पद्धत नव्हती, पण मदतनीस दुसरा कोणी नव्हता.

तळाला वेगळा विचार लागतो. दादाची हत्यारे भंगारवाल्याच्या काट्यावर सत्तर किलो भरली. तळाच्या फळ्या चार फूट लांबीच्या घातल्या तर मध्ये झोल येईल. म्हणून त्या आखूड, पुढून मागे टाकल्या. दोन फुटांचा पल्ला सहज पेलतो. फळ्या सहा, एकमेकींत जीभ आणि खाच करून बसवलेल्या, पण सरस किंवा फेव्हिकॉल अजिबात नाही. मे महिना कोरडा, फळ्या आकसलेल्या. म्हणून प्रत्येक सांध्यात अर्ध्या सुताहून थोडी जास्त फट सोडली. माझ्या जुन्या वहीचा पुठ्ठा दुमडून मापाला वापरला. फळ्यांची टोके वर भिंत आणि खाली तीन इंची जाड पट्टी यांच्यात धरलेली आहेत, त्यामुळे भार खिळ्यांवर न येता पट्ट्यांवर जातो आणि पेटीही ओल्या जमिनीपासून वर राहते.

झाकणाबद्दल थोडक्यात सांगते. सभोवार तीन इंच रुंदीची चौकट आणि तिच्या खाचेत सैल बसलेली फळी. फळी खाचेतल्या खाचेत वाढते, चौकटीला कळतही नाही. घरातल्या जुन्या दारांची रचना हीच असते.

आतले तीन कप्पे हा माझा आवडता भाग. ते एकावर एक आहेत आणि पुढे-मागे सरकतात. आतली रुंदी बावीस इंच, प्रत्येक कप्पा दहा इंच रुंद. अर्ध्याहून कमी ठेवल्यामुळे कप्पे मागे ढकलले की पुढचा तळ उघडा, पुढे ओढले की मागचा. कप्पे खैराच्या पट्ट्यांवर धावतात. खालच्या पट्ट्या जाड, वरच्या पातळ, म्हणून सर्वांत वरचा कप्पा सर्वांत लांब. लांबीत लाकूड वाढत नसल्याने कप्पे लांबीला अगदी नेमके बसवता आले. जुलैत गावातली निम्मी दारे अडकतात तेव्हाही ते मेणावर सरकावेत तसे सरकले. पट्ट्यांना खरोखरच मेण चोळलेले आहे. वरच्या कप्प्यात स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, फीलर गेज. मधल्यात पाने आकाराच्या क्रमाने. खालच्यात बॉक्स पाने. हातोडे, पुलर, ग्रीस गन यांना तळ.

बाहेरून अळशीचे तेल लावले, आतून काहीच नाही. येथे एक सूचना करावीशी वाटते. अळशीच्या तेलाचा फडका चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नये. हे तेल सुकताना उष्णता सोडते आणि गोळा केलेला फडका आपोआप पेट घेऊ शकतो. दोरीवर पसरून वाळवावा.

ऑगस्टच्या मध्यावर मी पेटीची उंची मोजली. मे महिन्यात बरोबर चोवीस इंच होती, ती दोन सुतांना जरा कमी एवढी वाढलेली निघाली. चारही कोपरे सारखे. दिवाळीनंतर पुन्हा मोजली, तेव्हा ती निम्मी उतरली होती. दादा पाने पेटीत ठेवतो, पण वरच्या कप्प्याच्या एका टोकाला त्याने गिऱ्हाइकांची बिले ठेवायला सुरुवात केली आहे, आणि बाबा येता-जाता ती काढून खिडकीत ठेवतात.