आउटबोर्ड धूर टाकतेय? कार्ब्युरेटर खोलायच्या आधी हे विचारा

या आठवड्याच्या व्हिडिओत मोटर पिंपात चालवून दाखवली. त्यामागची गोष्ट मात्र मी घाईत उरकली, कारण चूक माझ्याच दुकानाची होती. ती इथे नीट लिहितो.

नारळी पौर्णिमेनंतर देवबागचे एक काका ९.९ एचपीची टू-स्ट्रोक, दोन सिलिंडरची मोटर घेऊन आले. निळसर धूर, आणि स्लोवर थडथडून बंद पडायची. रेस केली की ठीक. पावसात दोन महिने पडून होती, म्हणून आम्ही तिथेच ठरवून टाकलं: जुनं पेट्रोल, कार्ब्युरेटर चोकअप. खोलला, जेट साफ केले, दोन्ही प्लग नवे टाकले. बिल २,२०० रुपये.

आठव्या दिवशी काका परत हजर. "पैशे घेतलंस, पण धूर काय कमी जाऊक नाय." मोटर कर्ली खाडीच्या तोंडाशी बंद पडली होती, तीपण ओहोटीला. पाणी बाहेर खेचत होतं. होडीत वल्ही होती म्हणून परत आले.

मग शांतपणे सुरुवात केली. पिंपात पाणी भरलं, मोटर लावली, पंखा काढून ठेवला. थंड टू-स्ट्रोक सुरुवातीला थोडा धूर टाकतेच, त्याला घाबरायचं नाही. गरम झाल्यावर काय दिसतं ते महत्त्वाचं. काळा धूर आणि पेट्रोलचा वास असेल तर पेट्रोल जास्त जातंय, आधी चोक अडकलाय का बघा. वाफेसारखा पांढरा असेल तर आत पाणी जात असेल, हेड गॅस्केट तपासा. निळसर असेल तर ऑइल.

मोटर बंद करून दोन्ही प्लग काढून शेजारी शेजारी ठेवले. (चालू मोटरीची प्लग कॅप ओढू नका, झटकाही बसतो आणि सीडीआयही जाऊ शकतो.) एकच प्लग ओला निघाला असता तर त्या सिलिंडरचा स्पार्क, कॉइल, कॉम्प्रेशन बघावं लागलं असतं. इथे दोन्ही काळे आणि तेलकट, तेही आठ दिवसांत. दोन्हीकडे सारखंच, म्हणजे दोष दोघांना मिळून जे जातं त्यात, टाकीत. थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून ठेवलं. इथेनॉलवालं पेट्रोल पाणी ओढतं आणि ते पाणी खाली वेगळं दिसतं. आमच्या बरणीत पाणी नव्हतं.

तेव्हा कुठे मी विचारलं, "काका, ऑइल किती टाकता?"

"तूच सांगितलंस मां? एका टाकीक एक बाटली."

टाकी २४ लिटरची, बाटली १ लिटरची. म्हणजे २४:१. या मोटरीला लागतं ५०:१, म्हणजे टाकीला ४८० मिली. दुपटीहून जास्त ऑइल जात होतं. आणि काका खरंच बोलत होते. दोन वर्षांपूर्वी मोटर माझ्याच काउंटरवरून गेली होती. नव्या मोटरीला पहिले दहा तास २५:१ लागतं, म्हणून सोपं जावं यासाठी आम्ही 'टाकीला एक बाटली' सांगितलं. दहा तासांनंतर अर्धी करा, हे सांगायचं राहिलं.

प्लग बदलून, ५०:१ करून मोटर पुन्हा चालवली. धूर लगेच जात नाही, एक्झॉस्टमध्ये साचलेलं ऑइल जळेपर्यंत थोडा राहतोच. अर्ध्या तासाने स्लो बसला. २,२०० रुपये परत दिले. काका घेत नव्हते, मी खिशात कोंबले.

एक गोष्ट लक्षात ठेवा. हे वाचून ऑइल अंदाजाने कमी करू नका. कमी ऑइलने मोटर सीज होते, तो खर्च धुरापेक्षा फार मोठा आहे. मोटरीच्या पुस्तकातलं प्रमाण बघा, मापाचा डबा ठेवा, आणि टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलंच ऑइल घ्या. बाइकचं फोरटी चालत नाही.

दुकानात काय बदललं? जॉब कार्डवर सगळ्यात वर तीन ओळी आल्या: कधीपासून, पेट्रोल कधी भरलं, ऑइल किती. त्या भरल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. शिवाय नव्या मोटरीसोबत टाकीच्या झाकणाला चिठ्ठी बांधतो, एका बाजूला पहिल्या दहा तासांचं माप, दुसऱ्या बाजूला नंतरचं.

आणि त्याच संध्याकाळी विक्रीची वही काढली. तशाच अकरा मोटरी गेल्या होत्या. सगळ्यांना फोन लावले. चार जण अजून पूर्ण बाटली ओतत होते. त्यातल्या एकाने आधी विचारलं, "फोन कित्याक केलंस? हप्तो ऱ्हवलो काय?"