चौऱ्याण्णव टाके

सकाळी 7.00
मार्गशीर्षातली नरसी. कयाधूकडून गार वारं येतं. काकू चुलीपुढे बोटं शेकतायत. बोटं आखडलेली असली की टाका घट्ट पडतो आणि पुढच्या ओळीला सुई शिरत नाही.

8.30
लाल लोकर, 100 ग्रॅमचा गुंडा. हिंगोलीच्या बाजारातून 80 रुपयांना आणलेला. कागदी पट्टीवर लुधियाना छापलंय. इथे जन्मलेले नामदेव पंजाबात जाऊन घुमानला राहिले. त्यांची 61 पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. लोकर त्याच मुलखातून इकडे येते.

सुया 8 नंबरच्या. काकू टोपीसाठी 94 टाके घालतात. चारच्या पाढ्यात 92, वरचे दोन शिवणीचे.

9.00
दोन सुलट, दोन उलट. सुलटाला धागा मागे, उलटाला पुढे. दर दोन टाक्यांनी तो सुयांमधून ये-जा करतो, म्हणून ही वीण साध्या विणीपेक्षा सावकाश चालते. पण ताणते आणि परत आवळते. कानाला धरून बसते ती याच उभ्या पट्ट्यांमुळे.

10.40
फोन वाजला. बोलता बोलता एक टाका चुकला. चार ओळी झाल्यावर दिसला. मला वाटलं, आता उसवणार. काकूंनी तेवढा एकच टाका सुईवरून सोडला, चार ओळी खाली उतरवला आणि क्रोशाच्या सुईने एकेक आडवा धागा ओढत वर आणला. जागा ओळखू येत नाही. हे काम मी तासभर बघत बसलो असतो.

12.30
भाकरी, पिठलं. मग भांडी, धुणं.

दुपारी 2.00
पुन्हा ओळी. मान अवघडते. दोनदा उठून पाठ ताणली.

4.15
एक वीत आणि वर दुमडायला चार बोटं. 66 ओळी झाल्या. म्हणजे सहा हजारांवर टाके. आता दोन-दोन टाके एकत्र. 94 चे 47, मग 24. उरलेल्यांतून दाभणाने दोरा ओवून आवळला. बाजू शिवली.

5.15
गोंडा. चार बोटांभोवती लोकरीचे शंभर वेढे, मधोमध करकचून गाठ, दोन्ही कडा कापायच्या, मग कात्रीने गोल करायचं. मी विचारलं, मोठ्या माणसाच्या टोपीला गोंडा कशाला? "कितीबी आवळलं तरी वर बारीक भोक राहतंय. वारं तिथूनच शिरतंय."

6.45
शेजारचे दादा आले. या आठवड्यात शेताची लाईट रात्रीची आहे. गव्हाला पाणी द्यायला बारा वाजता निघायचं. टोपी घातली, कानांवर ओढली.

"किती द्यायचे, काकू?"

"दीडशे."

त्यांनी दीडशे मोजून दिले. टोपीत 75 ग्रॅम लोकर गेली, तिचे 60. काकूंच्या हाती 90 रुपये राहिले.