पाटा निवडण्याआधी काटा

साखरशेत, जव्हार, मोखाडा या पट्ट्यात मालाची गाडी म्हणजे बहुतेक वेळा पिकअप. दिवाळी झाली, भात घरात आलं, की इथली कितीतरी आदिवासी कुटुंबं भिवंडी, वसई, कल्याणकडे वीटभट्ट्यांवर कामाला निघतात आणि पावसाळ्यापर्यंतचा संसार एका हौद्यात चढतो. तांदळाची आणि नागलीची पोती, भांडी, अंथरुणं, लाकडं, डालग्यातल्या कोंबड्या. गाडी मागून बसते. चालक म्हणतो, ‘पाटे गेले.’ गॅरेजवाला म्हणतो, ‘एक पाटा वाढवून टाकू.’ दोघांचंही म्हणणं चुकीचं असू शकतं, आणि घाटाच्या उतारावर त्याची किंमत गाडीतल्या माणसांना मोजावी लागते.

गाडी बसली म्हणजे पाटे (लीफ स्प्रिंग) गेलेच, असं नाही. रिकामी गाडी सपाट जागेवर उभी करा. मागच्या चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी टेपने मोजा. मग नेहमीचा माल भरून पुन्हा मोजा. रिकामी असतानाच एक बाजू खाली असेल, तर त्या बाजूला पाटा तुटला असेल, सेंटर बोल्ट गेला असेल किंवा शॅकलचे बुश झिजले असतील. गाडी रिकामी असतानाच दोन्ही बाजू दबलेल्या असतील, तर पाटे खरोखरच थकलेत. पण रिकामी गाडी ठीक उभी राहते आणि माल भरल्यावरच बसते, तेव्हा दोष पाट्यांचा नसून बहुधा वजनाचा असतो.

हे वजन अंदाजाने ठरवू नये. वजनकाट्यावर आधी पूर्ण गाडी घ्या, मग फक्त मागची चाकं. मागच्या एक्सलवर नेमका किती भार येतो हा आकडा हातात आल्याशिवाय पाटे निवडणं म्हणजे माप न घेता चप्पल आणणं. माल कुठे ठेवला यानेही हा आकडा बदलतो. पुढच्या-मागच्या चाकांत 3 मीटर अंतर आहे आणि मागच्या एक्सलच्या 1 मीटर मागे, हौद्याच्या टोकाला, 150 किलो धान्य ठेवलं असं धरा. मागच्या एक्सलवर 150 नव्हे, 200 किलो भार वाढतो आणि पुढची चाकं 50 किलोने हलकी होतात. स्टिअरिंग हलकं लागतं ते यामुळे. जड पोती केबिनला चिकटवून लावली, तर पुष्कळदा पाटे बदलायची गरजच उरत नाही.

‘पाटा वाढवला की पासिंग वाढतं’ हा समज सगळ्यांत घातक. आरसी बुकातलं एकूण वजन पाट्यांवर ठरत नाही. एक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक, चॅसी या सगळ्यांत जे सर्वांत कमजोर, तेच गाडीची खरी मर्यादा. पाटे कडक केल्यावर गाडी ताठ उभी दिसते, पण ब्रेक तेवढेच राहतात. कायदाही ताठ गाडी बघत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 प्रमाणे जादा भाराला 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड आहे.

पाटा वाढवला तर नेमकं काय होतं? पाच पाट्यांत त्याच जाडीचा सहावा घातला, तर कडकपणा साधारण पाचव्या हिश्शाने वाढतो. जाडीचं गणित मात्र वेगळं आहे. कडकपणा जाडीच्या घनात वाढतो, म्हणून 8 मिलिमीटरऐवजी 10 मिलिमीटरचा पाटा जवळजवळ दुप्पट कडक असतो. पण सारखंच वाकवलं तर जाड पाट्यावर ताणही जास्त येतो. बारीक पाट्यांत एकच जाड पाटा घुसवला, तर बहुधा तोच आधी तुटतो. ‘कडक पोलादाचा पाटा जास्त वजन उचलतो’ हेही खरं नाही. चांगलं पोलाद लवकर तुटत नाही. पाटा किती दबेल हे लांबी, रुंदी, जाडी आणि पाट्यांची संख्या ठरवते.

म्हणून खरा प्रश्न असा, की गाडी कायम भरलेली असते की कधीकधी? जाताना भरून आणि येताना रिकामी धावणाऱ्या पिकअपला हेल्पर पाटा बरा, कारण गाडी भरली की मगच तो कामाला लागतो. सगळे पाटे कडक केले, तर रिकामी गाडी खड्ड्यांवर उड्या मारते, चाक रस्ता सोडतं आणि त्या क्षणी ब्रेक लागत नाही. फिरता दवाखाना किंवा पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवलेली कॅम्पर व्हॅन यांची गोष्ट वेगळी. 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो, आणि कपाटं, बॅटऱ्या कायमच्याच. तिथे त्या भाराला जुळणारा नवा पूर्ण संच घ्यावा, तोही दोन्ही बाजूंना एकदम. दोन-तीनच पाट्यांचा पॅराबोलिक संच पाहून लोक नाक मुरडतात. पण त्यातला प्रत्येक पाटा मध्ये जाड आणि टोकांना निमुळता असतो. पाटे कमी म्हणून तो कमजोर ठरत नाही.

शॉकप बदलून गाडी उचलली जात नाही. साधा शॉकप उसळी आवरतो, वजन पेलत नाही.

जुना पाटा तापवून कमान मारून घेण्याबद्दल मला स्पष्टच सांगायचं आहे: घेऊ नका. गावचा लोहार याच पाट्याचा उत्तम कोयता करतो, पण कोयत्याला दिवसभर वाकून पुन्हा सरळ व्हायचं नसतं. कारखान्यात पाटा तेलात विझवून साधारण 450 ते 500 अंशांवर टेम्पर केलेला असतो. गॅसच्या ज्योतीत तो लाल दिसू लागला, म्हणजे त्या मर्यादेपलीकडे गेला. तिथला कस उतरला. कमान दिसते छान, पण काही दिवसांत पुन्हा बसते, नाहीतर पाटा तिथेच तुटतो. पाट्याला वेल्डिंगही नको.

नवे पाटे बसवताना यू-बोल्ट नवेच घ्या आणि काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा कसून घ्या. रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा. आणखी एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. बऱ्याच पिकअपना मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार बदलणारा व्हॉल्व्ह असतो आणि त्याचा दांडा एक्सलला जोडलेला असतो. गाडी मागून दबली की तो भार ओळखतो. उंच पाट्यांमुळे भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. तोरंगण घाट उतरण्याआधी तो दांडा कंपनीच्या मापाने लावून घ्या.