हरलेल्याच्या तोंडून निकाल

“सर, अमेरिकेचा निकाल नोव्हेंबरमध्येच लागतो, मग जानेवारीत पुन्हा मोजणी कशाला?” नववीच्या वर्गात एका मुलीने विचारले. प्रश्न चांगला होता. उत्तर आपल्या घरातल्या मुलांनाही सांगावे असे आहे.

तिथे नोव्हेंबरमध्ये लोक मत देतात ते प्रत्यक्षात निर्वाचकांना. असे एकूण ५३८ निर्वाचक असतात. डिसेंबरमध्ये ते आपापल्या राज्यात जमून मत देतात आणि सह्या केलेली, मोहोरबंद प्रमाणपत्रे वॉशिंग्टनला पाठवतात. ६ जानेवारीला दुपारी एक वाजता संसदेची दोन्ही सभागृहे एकत्र बसतात. लाकडी पेट्यांतून प्रमाणपत्रे आणली जातात. राज्यांची नावे वर्णानुक्रमे पुकारली जातात, दोन्ही सभागृहांचे मिळून चार सदस्य आकडे वाचतात. २७० मते मिळाली की बहुमत.

अध्यक्षस्थानी उपराष्ट्राध्यक्ष असतात. कधी तेच उमेदवार असतात आणि हरलेलेही असतात! २००१ मध्ये अल गोर यांना २६६, तर जॉर्ज बुश यांना २७१ मते होती. गोर यांच्याच पक्षाचे सदस्य आक्षेप घेऊन उभे राहिले. पण त्या वेळच्या नियमाप्रमाणे सोबत एका सिनेटरची सही हवी होती, ती कुणाकडेच नव्हती. गोर यांनी एकेक आक्षेप फेटाळला आणि स्वतःचा पराभव स्वतःच जाहीर केला. २०२५ मध्ये कमला हॅरिस यांनीही ट्रम्प यांची ३१२ आणि स्वतःची २२६ मते जाहीर केली.

दरवेळी सारे इतके शांतपणे झाले नाही. १८७६ च्या निवडणुकीत काही राज्यांतून दोन-दोन प्रमाणपत्रे आली, मोठा वाद झाला. त्यातून १८८७ चा मतमोजणी कायदा आला. ६ जानेवारी २०२१ ला तर जमाव संसदेत घुसला. गडबडीत कर्मचाऱ्यांनी त्या पेट्या मात्र सोबत नेल्या. रात्री मोजणी पुन्हा सुरू झाली आणि पहाटे बायडन यांची ३०६ मते जाहीर झाली. पुढे २०२२ मध्ये कायदा सुधारला. आता आक्षेपासाठी प्रत्येक सभागृहाच्या एक पंचमांश सदस्यांच्या सह्या लागतात आणि उपराष्ट्राध्यक्षांना मते नाकारण्याचा अधिकार नाही, हेही स्पष्ट केले आहे.

मी त्या मुलीला म्हणालो, “बेटा, त्या पेटीत लोकांची अमानत असते. आपण जिंकत असताना ती जपणे सोपे. हरत असताना जपली, तरच खरी जपली.”

पुढच्या आठवड्यात वर्गाच्या मॉनिटरची निवडणूक होती. चिठ्ठ्या मोजायला तीच उभी राहिली, आणि तीन मतांनी हरली. आकडा तिने खणखणीत आवाजात वाचला.