जुन्या इंजिनाला टर्बोची जोड

टर्बोचार्जर म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या जोरावर एक चक्र, म्हणजे टर्बाइन, फिरवून, त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने सिलिंडरमध्ये दाबून हवा भरणारे उपकरण होय. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये या तत्त्वाचे पेटंट घेतले.

१९७२ मध्ये आलेल्या कावासाकी झेड-वन या मोटारसायकलचे ९०३ सीसीचे चार सिलिंडरी इंजिन अशा जोडणीसाठी पसंतीचे ठरले, कारण त्याचा क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या खालीवर होणाऱ्या हालचालीचे चक्राकार गतीत रूपांतर करणारा दांडा, रोलर बेअरिंगवर फिरणारा आणि दणकट आहे. मात्र तो सुटे भाग एकमेकांत दाबून बसवलेला असल्याने वाढीव ताकदीखाली पिळला जाण्याचा धोका असतो, म्हणून कसबी कारागीर त्याचे सांधे वेल्डिंगने पक्के करतात. मूळचे ८.५:१ हे संपीडन गुणोत्तर, म्हणजे सिलिंडरमधील मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाणही, बहुधा कमी करावे लागते. अन्यथा ज्योत पोहोचण्यापूर्वीच उरलेले इंधनमिश्रण आपोआप पेटते, आणि या ‘नॉकिंग’मुळे पिस्टनला भोकही पडू शकते. हवेचा दाब मर्यादेत राहावा म्हणून जादा वायू टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप, म्हणजेच वेस्टगेट, बसवली जाते.

टर्बो बसवलेल्या तयार मोटारसायकलीही बाजारात आल्या: कावासाकीची झेड-वन-आर टीसी १९७८ मध्ये, तर होंडाची सीएक्स ५०० टर्बो १९८२ मध्ये विक्रीस आली. तरीही जुन्या भागांतून अशी गाडी उभारताना प्रत्येक भागाची सहनशक्ती आधी तपासणे आणि ताकद त्यानंतरच वाढवणे, हाच क्रम इंजिनाच्या आणि चालकाच्याही सुरक्षिततेसाठी अनिवार्य ठरतो.